पान बासष्ट

ते पत्र येऊन चौदा महिने झाले होते आणि निवृत्त ग्रंथपालांनी त्याला उत्तर दिलेलं नव्हतं. उत्तर न दिलेली पत्रं त्यांच्याकडे आणखीही होती, पण ती वार्षिक सभांची आमंत्रणं, विम्याची स्मरणपत्रं अशी, पडून पडून आपोआप शिळी होणारी. हे पत्र शिळं होत नव्हतं. टेबलाच्या खणात शब्दकोशाखाली ते दाबून ठेवलं होतं, आणि शब्दकोश उचलायची वेळ रोज यायची.

पत्र एका घड्याळजीचं होतं. अक्षर बारीक, ओळी सरळ. 'स. न. वि. वि. आपल्या "आपली मोटार, आपले हात" या पुस्तकात पान बासष्टवर, इंजिनाच्या उजव्या अंगास ऑइल फिल्टर सहज दिसतो, असे आपण लिहिले आहे. मी तीन रविवार शोधतो आहे. मला दिसला नाही. लहान वस्तू शोधण्याची मला धंद्यामुळे सवय आहे, म्हणून विचारतो. कळावे.' पाच महिन्यांनी दुसरं पत्र आलं, ते अजून लहान. 'शोधणे चालू आहे. आपण स्वतः तो कुठल्या गाडीत पाहिलात, एवढे कळवले तरी पुरे. आमच्या धंद्यात न उघडलेल्या घड्याळाबद्दल कोणी बोलत नाही.'

ग्रंथपालांनी तो कुठल्याच गाडीत पाहिला नव्हता. त्यांना गाडी चालवता येत नव्हती. घरची निळी गाडी बायको चालवायची आणि हे मागच्या सीटवर बसायचे, कारण पुढे बसलं की समोरचं सगळं दिसतं. दहा वर्षांपूर्वी त्यांच्या शाळूसोबती प्रकाशकाला एका लेखकाने ऐन वेळी तोंडघशी पाडलं, छापखाना मोकळा बसला, आणि प्रकाशक ग्रंथालयात येऊन म्हणाला, "तुझ्याकडे मोटारींवरची पुस्तकं असतील ना? त्यातलं काहीतरी उतरवून दे. दहा दिवस आहेत." ग्रंथपालांना नाही म्हणता येत नसे. चार जाडजूड पुस्तकं पुढ्यात घेऊन त्यांनी पाचवं तयार केलं. माहिती त्या चारांची, पण 'सहज', 'अलगद', 'संथपणे' हे शब्द मात्र त्यांचे स्वतःचे. त्यांना वाटायचं, वाक्य कसं गुळगुळीत हवं.

शुक्रवारी प्रकाशकाचा फोन आला. "तिसरी आवृत्ती काढतोय. मंगळवारी छापायला जाणार. काही चुका असल्या तर सांग."

"पान बासष्ट," ग्रंथपाल म्हणाले.

"काय आहे पान बासष्टवर?"

"बघून सांगतो."

फोन ठेवल्यावर ते बराच वेळ खिडकीपाशी उभे राहिले. खाली पार्किंगमध्ये निळी गाडी उभी होती. चूक तिसऱ्यांदा छापली जाणार होती, आणि कुठेतरी एक माणूस भिंग डोळ्याला लावून ती खरी मानून शोधत होता. आपण एकदा, फक्त एकदा, तो फिल्टर स्वतःच्या हाताने काढून बसवला, तर त्या माणसाला खरं उत्तर लिहिता येईल, पानही सुधारता येईल, आणि खोटं बोलावं लागणार नाही. विचार इतका नेमका होता की त्यांना स्वतःचाच संशय आला.

बायको निवृत्त परिचारिका. चाळीस वर्षं वॉर्ड सांभाळलेली. तिने बेत ऐकून घेतला आणि चष्मा पुसला.

"अहो, त्या माणसाला भेटून या ना सरळ. पत्ता इथलाच आहे. दोन बसथांबे."

"भेटून?" ग्रंथपालांचा चेहरा उतरला. "अनोळखी माणसाशी काय बोलायचं?"

"म्हणजे माणसाशी बोलण्यापेक्षा इंजिन खोलणं सोपं?"

"पुस्तकात सगळं दिलंय."

"पुस्तक तुम्हीच लिहिलंय ना," बायको म्हणाली. "संध्याकाळी पाचला मला गाडी हवी. ताईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचंय. तोवर काय तो अभ्यास करा."

शनिवारी ते सुट्या भागांच्या दुकानात गेले. दुकानदाराने विचारलं, "गाडी कुठली?" ग्रंथपाल म्हणाले, "निळी." दुकानदाराने पेन्सिल खाली ठेवली. मग ग्रंथपालांना बायकोने दिलेली चिठ्ठी आठवली.

रविवारी सकाळी पुस्तक, नवा फिल्टर, तेलाचा डबा आणि शेजारून मागून आणलेली पान्यांची पेटी असं सगळं खाली मांडलं गेलं. पान बासष्टची पहिली ओळ होती: 'बॉनेट उघडून इंजिनाचे निरीक्षण करावे.' बॉनेट कसं उघडावं, हे पुस्तकात नव्हतं. त्या चारही पुस्तकांच्या लेखकांना ते सांगायची गरज वाटली नव्हती. ग्रंथपालांनी सीटखाली हात घालून एक खटका ओढला, तर पेट्रोलचं झाकण उघडलं. दुसरा ओढला, तर सीट मागे गेली आणि तेही तिच्याबरोबर गेले. मग बायकोने स्टिअरिंगखाली हात घातला आणि बॉनेट टक्कन उघडलं.

आवाजाने तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त विमा अधिकारी खाली आले. त्यांना इमारतीत सगळे 'हायकोर्ट' म्हणत, कारण त्यांच्या मतावर अपील नव्हतं. पायांत सपाता, हातात चहाचा कप.

"काय, फिल्टर का?" हायकोर्ट म्हणाले. "हा काय समोर. ही काळी पेटी. चार चिमटे काढा."

ग्रंथपालांनी पुस्तकात पाहिलं. 'उजव्या अंगास सहज दिसतो.' पेटी उजवीकडे होती आणि सहज दिसत होती. त्यांच्या छातीत आनंदाची बारीकशी कळ आली. दहा वर्षांनी का होईना, आपण बरोबर निघालो. चिमटे काढले. आतून घडीघडीचा कागद, दोन मेलेल्या माशा आणि एक वाळकं पान निघालं.

"यात तेल कुठाय?" बायकोने विचारलं.

"आटलं असेल," हायकोर्ट म्हणाले.

"हा हवेचा फिल्टर आहे. गाडीचं नाक म्हणा. आपल्याला मूत्रपिंड हवंय." तिने पेटी बंद केली. "ते वर नसतं. खाली बघा."

खाली बघण्यासाठी खाली जावं लागणार होतं. बायकोने गाडीची डावीकडची दोन चाकं फरसबंदीच्या कट्ट्यावर चढवली, हातब्रेक ओढला, चाकांना विटा लावल्या, आणि जुनी चटई अंथरली. इंजिन तिने आधी थोडा वेळ चालू ठेवलं होतं, कारण पुस्तकात 'तेल कोमट असावे' असं होतं. ग्रंथपाल पाठीवर झोपून, पुस्तक छातीवर धरून, गाडीखाली सरकले. निवृत्तीनंतर इतक्या खाली ते पहिल्यांदाच आले होते.

"टब सरकवू का आत?" बायको म्हणाली.

"आधी नट सैल करतो."

"भांडं आधी ठेवतात, मग पेशंटला सांगतात. सरका."

तिचा कपडे भिजवायचा टब आत आला. ग्रंथपालांनी इंजिनाच्या तळाचा नट पान्याने फिरवला. पुस्तकात लिहिलं होतं, 'नट काढताच तेल संथपणे पात्रात उतरेल.' नट सुटला तो टबात पडला, आणि तेल संथपणे न उतरता आडवं आलं. मनगटावरून बाहीत शिरलं, कोपराला वळसा घालून काखेत थांबलं. कोमट मात्र होतं. तेवढं पुस्तक खरं निघालं.

"काय झालं?" हायकोर्टांनी वरून विचारलं.

"'संथपणे' काढावं लागेल," गाडीखालून आवाज आला.

तेल निथळेपर्यंत ते तसेच पडून राहिले. आणि मग, मान तिरकी करून वर पाहताना, त्यांना तो दिसला. उजवीकडे नाही, समोरही नाही. इंजिनाच्या पाठीमागे, तापलेल्या नळीच्या वरच्या अंगाला, मुठीएवढा काळपट डबा, अंधारात उलटा लटकलेला. वरून कोणीही, कितीही भिंगं घेऊन आलं असतं, तरी त्याला तो दिसणं शक्य नव्हतं. ग्रंथपालांना तीन रविवार आठवले आणि आडवं पडल्यापडल्या लाज वाटली.

"सापडला," ते म्हणाले.

"मग काढा की."

'फिल्टर हाताने अलगद सुटतो.' ग्रंथपालांनी हाताने अलगद प्रयत्न केला. मग हाताने जोरात केला. मग दोन्ही हातांनी, पाय कट्ट्याला टेकवून केला. फिल्टर जागचा हलला नाही. ग्रंथपाल मात्र चटईसकट वीतभर सरकले.

"स्क्रूड्रायव्हर आरपार ठोका आणि फिरवा," हायकोर्ट म्हणाले. "आमचा मेव्हणा तसंच करायचा."

"आणि निघायचा?"

"मेव्हण्याने नंतर गाडी विकली. पण पद्धत तीच."

ग्रंथपालांना नाही म्हणता येत नसे. त्यांनी हातोडीने स्क्रूड्रायव्हर डब्यात ठोकला. डबा आरपार फुटला, आत उरलेलं तेल त्यांच्या चष्म्यावर आलं, आणि फिरवायला जावं तर पत्रा टरकावला गेला, डबा जिथल्या तिथे. आता फिल्टर निघत नव्हता आणि ठेवण्यासारखाही राहिला नव्हता. हायकोर्टांनी चहाचा शेवटचा घोट घेतला आणि सांगितलं की अशा वेळी मेव्हणाही साधारण इथपर्यंतच यायचा.

बायको खाली वाकली. "बेल्ट काढा."

"कुणाचा?"

"माझ्या कमरेला असता तर मी तुम्हाला सांगितलं असतं का? काढा. दंडाला पट्टा बांधतात तसा त्याच्या बुडाशी गुंडाळा. पीळ द्या. आता टोक खाली ओढा. झटका नाही, एकसारखं."

ग्रंथपालांनी एका हाताने पँट आणि दुसऱ्या हाताने बेल्ट धरून ओढलं. काहीतरी कर्रर्र वाजलं. मग डबा फिरला. पुन्हा फिरला. आणि सुटून त्यांच्या तळहातात आला, जड, तेलकट, चिंध्या झालेला. तो छातीवर धरून ते गाडीखालून बाहेर आले तेव्हा चष्म्याच्या काळ्या काचांतून त्यांना काहीच दिसत नव्हतं, पण चेहऱ्यावर जे होतं त्याला बायकोने मनात हसू असं नाव दिलं. फार वर्षांनी पाहिल्यामुळे तिला खात्री नव्हती.

नवा फिल्टर लगेच बसला. त्याच्या रबरी कडीला त्यांनी बोटाने तेलही लावलं, कारण पुस्तकात तसं होतं. नट घट्ट केला. हायकोर्टांनी नरसाळं धरलं आणि डब्यातलं सगळं तेल वरून ओतलं गेलं. विटा काढून हातब्रेक सोडताच गाडी कट्ट्यावरून उतरली. बायको आत बसली होती. ग्रंथपाल बेल्टविना, पँटला हात लावून, समोर उभे राहिले. तो क्षण त्यांनी आधीच वाक्यात बसवला होता: 'मी स्वतः तो माझ्या हाताने काढला आणि बसवला.'

"लावू चालू?" बायकोने विचारलं.

"लाव."

इंजिन चालू झालं. सुंदर आवाज आला. साधारण तीन श्वासांपुरतं सगळं ठीक होतं. मग गाडीखालून मधाच्या रंगाचं काहीतरी बाहेर आलं. आधी बोटभर, मग हातभर, आणि मग पार्किंगच्या उताराला धरून ते अगदी संथपणे निघालं. ग्रंथपालांनी ते पाहिलं आणि त्यांना वाटलं, शब्द चुकीचा नव्हता, जागा चुकली होती.

"बंद करा, बंद करा," हायकोर्ट म्हणाले. बायकोने ते आधीच केलं होतं. तोवर ओघळ हायकोर्टांच्या धुवून पुसून उभ्या केलेल्या स्कूटरच्या चाकाशी पोचला होता आणि त्यांच्या सपाताही त्यात भिजल्या होत्या. "मला एक फोन येणार होता," असं म्हणून ते गेले. हे सल्ले आपण दिलेच नव्हते, असं त्यांनी पुढे सगळ्यांना सांगितलं. पण पार्किंगपासून तिसऱ्या मजल्याच्या दारापर्यंत उमटलेली तेलकट पावलं पुढे महिनाभर दिसत होती.

बायकोने ओघळावर माती टाकली आणि गॅरेजवाल्याला फोन केला. रविवार असूनही तो वीस मिनिटांत आला, जणू कपडे घालूनच बसला होता. पन्नाशीचा, शांत माणूस. त्याने गाडीखाली बॅटरीचा एक झोत टाकला आणि लगेच बाहेर आला.

"जुन्या फिल्टरची रबरी कडी वरच चिकटून राहिलीय. तिच्यावर नवीन बसवली. दोन कड्या झाल्या की तेल थांबत नाही, काकू." मग त्याने विचारलं, "पुस्तक बघून केलं का?"

ग्रंथपाल माती टाकलेल्या ठिकाणाकडे पाहू लागले.

"कसं ओळखलंत?" बायकोने विचारलं.

"स्क्रूड्रायव्हर, बेल्ट आणि दोन कड्या. पान बासष्ट." तो पाठीवर झोपून कामाला लागला आणि खालून बोलत राहिला. "फार चांगलं पुस्तक आहे. सर्व्हिसिंगला गाडी आली की आम्ही गिऱ्हाइकाला एक प्रत भेट देतो. तीन-चार महिन्यांत फोन येतोच. एरवी फिल्टरच तेवढा बदलायचा असतो. पान बासष्ट वाचलं की फिल्टर, तेल, नट, कधी कधी खालची अख्खी टाकी. आता आम्ही सगळे गॅरेजवाले मिळून पुस्तकं मागवतो."

"अस्सं," बायको म्हणाली.

"हो ना. दुसरी पुस्तकं देऊन बघितली. लोक वाचतात आणि बरोबर करतात. उपयोग काय?" खालून चिकटलेली कडी ओरबाडल्याचा आवाज आला. "लिहिणारा आमच्या धंद्यातलाच जुना माणूस असणार बघा. बाहेरच्याला इतकं बरोबर चुकायला जमायचं नाही."

बायकोने ग्रंथपालांकडे पाहिलं. ग्रंथपालांनी मान हलवून नको म्हटलं. तिने चाळीस वर्षं पेशंटांच्या नको म्हणण्याला कधी किंमत दिली नव्हती.

"हेच ते," ती म्हणाली.

गॅरेजवाला बाहेर आला. त्याने काळे हात, चष्मा, बेल्ट नसलेली पँट असं पायापासून डोक्यापर्यंत पाहून घेतलं. मग हात फडक्याला पुसला आणि पुढे केला. "काका, तुम्ही? आणि स्वतः करून बघता?" त्याच्या आवाजात खराखुरा आदर होता, आणि म्हणूनच ग्रंथपालांना तो सोसवेना. स्वतःच्या स्कूटरच्या डिकीतून त्याने एक प्रत काढली. "सही करा. आणि एक विनंती. नवीन आवृत्ती निघतेय असं ऐकलं. बाकी काय हवं ते बदला. पान बासष्टला तेवढा हात लावू नका. आमची पोरंबाळं आहेत."

ग्रंथपालांनी सही केली. सहीखाली अंगठाही उमटला, तो न मागता.

गाडी चारला तयार झाली आणि पाचला ताईला घेऊन गेली. ग्रंथपाल तीनदा साबण लावून टेबलाशी बसले आणि त्यांनी पान बासष्ट नव्याने लिहिलं. त्याची सहा पानं झाली. बॉनेटचा खटका कुठे असतो इथपासून सुरुवात होती. फिल्टर पाठीमागे, नळीच्या वर, खालूनच दिसतो. टब आधी ठेवावा. बाही वर करावी. अडला तर बेल्ट, मात्र दुसऱ्याचा. जुनी कडी निघाली की नाही ते बोटाने चाचपून बघावं. 'सहज' हा शब्द सहा पानांत एकदाही नव्हता. आयुष्यात इतकं ओबडधोबड त्यांनी कधी लिहिलं नव्हतं, आणि यातलं किती बरोबर असेल याची त्यांना एरवीसारखी शंका आली, पण या वेळी शंका आली की तळहाताचा वास घेता येत होता.

सोमवारी सकाळी ती पानं घेऊन ते प्रकाशकाकडे गेले. प्रकाशकाने उभ्याउभ्याच वाचली.

"छान आहे," तो म्हणाला. "हे छापता येणार नाही."

"का?"

"अरे, हे वाचून लोकांना जमेल." त्याने पानं परत दिली. "आपलं पुस्तक कोण घेतं, माहीत आहे ना? मग. पान बासष्ट आहे तसंच जाणार." मग तो थांबला. "एक मिनिट. तू खरंच केलंस हे? स्वतः? गाडीखाली जाऊन?"

"हो," ग्रंथपाल म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्या पुस्तकाविषयी ते खरं बोलत होते.

"मग हे मुखपृष्ठावर हवं." प्रकाशकाने पेन्सिल उचलली. "'लेखकाने स्वतः करून पाहिलेले.' लाल अक्षरात. खोटं तर नाही ना?"

खोटं नव्हतं. त्यांना नाही म्हणता येत नसे, आणि इथे तर नाही म्हणायला कारणही नव्हतं. ते घरी आले, शब्दकोश उचलला, दोन्ही पत्रं बाहेर काढली आणि लिहायला बसले.

पहिला मसुदा चार पानांचा झाला. त्यात दिलगिरीच तीन पानं होती. दुसऱ्यात त्यांनी प्रकाशकाला दोष दिला आणि तो फाडला. तिसरा बायकोने टेबलावरून उचलून वाचला.

'स. न. वि. वि. आपण विचारलेत की फिल्टर मी कुठल्या गाडीत पाहिला. पुस्तक लिहिले तेव्हा कुठल्याच नाही. काल आमच्या गाडीत पाहिला. तो उजवीकडे नसतो, आणि सहज दिसत नाही. आपले तीन रविवार माझ्यामुळे गेले. सोबत सहा पाने जोडली आहेत. कळावे.'

"एवढंच?" बायको म्हणाली. "याला चौदा महिने?"

"पान बासष्ट दहा मिनिटांत लिहिलं होतं," ग्रंथपाल म्हणाले.

तिने पाकीट पुढे केलं. त्यांनी सहा पानं घडी करून आत घातली, पत्ता दोनदा तपासला आणि कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत चालत गेले. मंगळवारी छापखान्यात तिसरी आवृत्ती चढली, लाल अक्षरांसकट. पान बासष्टची सुधारित आवृत्तीही निघाली होती, पण ती एकाच प्रतीची, आणि सोमवारच्या दुपारच्या टपालाने गेली.